ओली पोती

धर्मपालनं खांद्यावरचं प्लास्टरचं पोतं दाराशी टेकवलं, छपरीची कडी काढली आणि आत पाऊल टाकलं, तर आतून ऊब आली.

तो तिथंच थबकला. चार दिवसांपूर्वी तो इथून निघाला तेव्हा आत पाय ठेवला की तळवे गार पडत होते, ओल्या मातीचा आणि ओल्या तरटाचा वास नाकात बसत होता. आता तो वास नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत असते तशी कोरडी, राखेच्या वासाची ऊब होती.

"काय झालं बे?" मागून दुसरं पोतं घेऊन आलेला रहमत म्हणाला. "सरक ना. मणका मोडून राह्यला माहा."

रहमतचं पांढरकवड्याला हमरस्त्याच्या कडेला ट्रकदुरुस्तीचं दुकान होतं. नागपूरहून प्लास्टर त्याच्याच ओळखीच्या ट्रकनं आलं होतं, आणि पुढं इथं खैरदऱ्यापर्यंत त्यानं ते दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी जीपमधून आणलं होतं, अर्थात मालकाला न विचारता. मूर्तीच्या पोटातला लोखंडी सांगाडाही त्यानंच वाकवून दिला होता. "हाडं माही, चेहरा तुहा," तो तेव्हा म्हणाला होता. "वरती कोणी इचारलंच, त मी म्हणीन, मी फकत सळई वाकवली."

आत उजेड कमी होता. मधोमध पाटावर बसलेली बुद्धमूर्ती होती, बसल्या माणसाएवढीच. ती ज्या ओल्या पोत्यांत गुंडाळून धर्मपाल गेला होता ती पोती कोपऱ्यात घडी करून ठेवलेली होती. घडी अगदी व्यवस्थित होती. मूर्तीच्या अंगावर गोधडी होती, हिरव्या लुगड्याच्या तुकड्यांची, लाल काठ लावलेली. दोन्ही बाजूंना दोन घमेली होती आणि त्यांत राख. धर्मपालनं राखेवर हात धरला. खाली निखारे अजून जिवंत होते.

त्यानं गोधडी उचलली. आधी खाली पडली ती डाव्या हाताची बोटं. पडताना त्यांचा मातीसारखा आवाजही झाला नाही, वाळलेल्या शेंगांसारखा झाला. मग त्यानं वर पाहिलं. कपाळाच्या मधून निघालेली भेग डाव्या पापणीवरून उतरून हनुवटीपर्यंत गेली होती. दुसरी गळ्याभोवती फिरली होती. छातीवर तर उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगाच भेगा.

रहमतनं पोतं ठेवलं, जवळ आला आणि गळ्याच्या भेगेत करंगळी घातली.

"माही सळई लागून राह्यली हाताले," तो हळूच म्हणाला.

"हो."

"लोखंड कुठं आकसते रे भाऊ. माती आकसली, ते राह्यलं तसंच."

हे धर्मपालला कुणी सांगायला नको होतं. जाण्याआधी हेच त्यानं घरात दहादा सांगितलं होतं. माती ओली आहे तोवर मूर्ती आहे. मी प्लास्टर आणतो, वरून साचा काढतो, साच्यात सिमेंट भरतो, मग ती दगडासारखी होईल. तोवर पोती सुकू द्यायची नाहीत. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला पाणी. दोन दिवसांत येतो म्हणून तो गेला आणि दुकानात माल उशिरा आल्यामुळे त्याला चार दिवस लागले.

आज दुपारी यवतमाळहून समितीचे मुनेश्वर गुरुजी मूर्ती बघायला यायचे होते.

धर्मपालच्या हातून आजवर घडलेला हा पहिला चेहरा. अठराव्या वर्षी तो नागपूरच्या एका मूर्तिकाराकडे राहिला. सहा वर्षं त्यानं पायानं माती तुडवली, मातीत कापूस कालवला, आणि पुढं हातपाय करू लागला. त्याच्या हातच्या बोटांना नखं अशी यायची की गिऱ्हाईक वाकून बघायचं. पण चेहरा मालकाचा. मालक आंघोळ करून यायचा, सगळ्यांना बाहेर काढायचा आणि चेहरा करायचा. सहा वर्षांत शेकड्यांनी देव धर्मपालच्या हातावर उभे राहिले आणि मालकाच्या डोळ्यांनी बघू लागले. आता पुढच्या वर्षी चेहरा तुझा, असं मालक म्हणाला आणि त्याच वर्षी बा नागपूरला आला.

बा म्हणजे बळीराम. छप्पनच्या दसऱ्याला खैरदऱ्याची सगळी वस्ती त्याच्या मागं नागपूरला गेली होती आणि दीक्षा घेऊन परतली होती. दोन वर्षांनी तो एकटाच आला आणि कारखान्याच्या दारात उभा राहिला. धर्मपाल तेव्हा एका गणपतीच्या पायाची बोटं करत होता.

"हे सोड," बा म्हणाला.

धर्मपालनं सोडलं. त्यानंतर तीन वर्षं त्यानं कापसाच्या जिनात सरकी वाहिली. हाताला माती लागायची ती फक्त घर सारवताना. मग वस्तीनं विहार बांधला, बळीराम समितीचा अध्यक्ष झाला आणि मूर्ती कोणी करायची असा प्रश्न निघाला तेव्हा तोच म्हणाला, "घरात कारागीर असता बाहीर कायले पाह्यता?" मात्र त्याच बैठकीत त्यानं हेही सुनावलं की मूर्ती म्हणजे आठवण. देव नव्हे. ज्याला हे उमजत नाही त्यानं विहारात येऊ नये. यवतमाळच्या समितीनं कळवलं, चेहरा बघू, आवडला तर दारव्ह्याची आणि उमरखेडची मूर्तीही त्यालाच देऊ. बावीस दिवस धर्मपाल त्या एका चेहऱ्याशी झगडला. तेविसाव्या दिवशी पापणीखाली अंगठा फिरवताना त्याला एकाएकी कळलं की आता हात काढला पाहिजे. त्यानं हात काढला, बाहेर येऊन बसला आणि किती तरी वेळ उगाच हसत राहिला. माणूस आयुष्यात असा किती वेळा हसतो?

दाराशी पावलं वाजली. आत्या आली होती, रुखमाबाई. बळीरामची थोरली बहीण, तरुणपणी विधवा होऊन आली ती याच घरात राहिली. धर्मपालची आई गेल्यापासून घर तिच्याच हातावर होतं.

"कधी आला बापू? चहा मांडू?"

धर्मपालनं गोधडी पुढं केली.

"ही तुहीच ना, आत्या?"

रुखमाबाईनं गोधडीकडे पाहिलं, मग मूर्तीकडे. तिनं पदर तोंडाला लावला.

"माहीच हाय."

"पोते काहून काढले?"

ती पडलेल्या बोटांकडे बघत होती.

"मी सांगतलं होतं का नोतं?"

"सांगतलं होतं." ती खाली बसली आणि पडलेली बोटं एकेक करून ओच्यात घेऊ लागली. "थंडी लय पडली रे. विहिरीचं पाणी हातात धरवत नोतं."

धर्मपालच्या छातीत संताप असा उसळला की घमेलं उचलून भिंतीवर मारावं. पण ती ज्या तऱ्हेनं बोटं गोळा करत होती, मोठं आधी, लहान मागून, ते बघून त्याचा हात उठेना. त्याला छप्पन साल आठवलं. नागपूरहून परतल्यावर बळीरामनं घरोघरचे देव गोळा केले. आत्यानं आपल्या देव्हाऱ्यातले पाच टाक सुपात घालून भावाच्या हातात दिले. त्यानं ते नदीत सोडले. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. पण त्यानंतर किती तरी महिने पहाटे उठून ती रिकाम्या कोनाड्यासमोर उगाच उभी राहायची आणि मग आठवण झाल्यासारखी चुलीकडे जायची. पाच वर्षांनी घरात कोणीतरी येऊन बसलं होतं, डोळे मिटून, थंडीत, ओल्या पोत्यात. म्हातारीनं दुसरं काय केलं असतं?

करायला गेली माया आणि झालं हे. तिला बोलून तरी काय उपयोग होता?

"पाणी मारून बघ ना," रहमत म्हणाला.

"सुकल्या मातीवर ओली धरत नाही. फोडूनच काढावी लागते. कुटायची, भिजवायची, पुन्हा पहिल्यापासून. महिना जाईल."

"मंग गुरुजीले सीधं सांगून टाक. मी गेलतो नागपूरले, म्हातारीनं विस्तव ठेवला. तुही काय गलती त्यात? चेहरा त त्याईले अजून बी दिसते."

"अन् सत्यभामेचं काय झालं, माईत नाई का तुले?"

पांढरकवड्यापर्यंत ती गोष्ट गेली होती.

तीन वर्षांपूर्वी वस्तीनं ठराव केला होता. जो कोणी पुन्हा देव पुजेल, नवस बोलेल, त्याच्या घरी वर्षभर कोणी जायचं नाही, लग्नाला नाही आणि मयतालाही नाही. गेल्या उन्हाळ्यात सत्यभामेचा नातू मुदतीच्या तापानं फणफणला. तिनं मरीआईला कोंबडी बोलली, पोरगं उठून बसलं, आणि तिनं गुपचूप ती फेडली. पिसं कुणाला तरी सापडली. पुढं दोन महिन्यांत तिचा नवरा गेला. वस्तीतल्या एकाही घरातून माणूस निघाला नाही. बळीराम तिच्या घराच्या तोंडाशी उभा राहिला होता, कोणी जाऊ नये म्हणून. शेवटी तिच्या भावाच्या गावाहून चौघांना आणावं लागलं, तेव्हा प्रेत उचललं.

बळीराम दुष्ट नव्हता. पन्नाशी उलटेपर्यंत त्यानं गावची मेलेली ढोरं ओढली होती. त्याच्या लेखी देव आणि मेलेलं ढोर एकाच दिवशी सुटलं होतं, आणि एक परत आलं की दुसरंही येईल अशी त्याला खरीखुरी भीती होती. अशा माणसाला बहीण दिसणार नाही, ठराव दिसेल. उलट बहीण म्हणून तो जास्तच कडक होईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण बळीरामचे दात चावताना कधी थांबले नव्हते.

"आत्या, गोधडी आत नेऊन ठेव," धर्मपाल म्हणाला. "रहमत, ती घमेली उचल. मागं उकिरड्यावर रिकामी कर अन् तसाच जाय. जीप द्यायची असन ना तुले."

"तू काय सांगशीन त्याईले?"

"पाहू."

रहमतनं दोन्ही घमेली उचलली. दारात तो वळला, काहीतरी बोलणार होता, पण नुसतीच मान हलवून गेला. धर्मपालनं कोपऱ्यातली कोरडी पोती पाण्यात बुडवली आणि मूर्तीवर टाकली. काही उपयोग नाही हे ठाऊक असून टाकली.

दुपारी एकच्या सुमाराला बळीराम गुरुजींना फाट्यावरून घेऊन आला. मुनेश्वर गुरुजी यवतमाळला शाळेत शिकवत. भला माणूस, बोलणं हळू, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. जिल्ह्यातल्या विहारांचं कामकाज तेच बघत. आत्यानं आत पाणी आणून दिलं आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. बळीराम आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेर मुंडाशाचा शेव हातात धरून उभा राहिला. त्याला आधीच कुणाकडून तरी कळलं असावं, असं धर्मपालला वाटलं. संताप आला की बा असाच दारात उभा राही.

धर्मपालनं पोती काढली.

गुरुजी पुढं झाले. चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा घातला आणि चेहऱ्याच्या अगदी जवळ गेले. भेगेच्या एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं.

"चेहरा चांगला होता, नाही का?" ते म्हणाले.

धर्मपालला त्यातला 'होता' तेवढा ऐकू आला.

"काय झालं रे हे?"

धर्मपालनं दाराकडे पाहिलं. बा खाली मान घालून उभा होता.

"माती कच्ची होती," धर्मपाल म्हणाला. "कापूस कमी पडला. माझ्या अंदाजात चूक झाली."

"अरे, पण तू तर सहा वर्षं हेच काम केलंस ना?"

"केलं. पण माती दुसऱ्याची असायची. कालवणं आणि पारखणं यात फरक आहे गुरुजी. ते मला येत नाही."

हे बोलताना त्याला मालकाचा कारखाना आठवला. त्या कारखान्यात मातीला त्याच्यासारखा पारखणारा दुसरा कोणी नव्हता. पायाखाली घेतली की तो सांगायचा, दोन मुठी कापूस अजून लागेल. मालक सुद्धा त्याला विचारायचा.

"महिन्याभरात पुन्हा होईल," त्यानं घाईनं जोडलं.

गुरुजींनी उसासा टाकला. "महिना कोण थांबतो बाबा? रविवारी बैठक आहे. दारव्ह्याचे, उमरखेडचे लोक येऊन बसतील. त्यांना मी काय सांगू, कारागिराला मातीच कळत नाही म्हणून? नागपूरला साच्यातल्या तयार मूर्ती मिळतात. सगळ्या एकसारख्या, पण निदान तडकत तरी नाहीत. आमचा बुद्ध आमच्याच माणसाच्या हातचा असावा अशी माझी फार इच्छा होती. पण बैठकीत एकट्या माझ्या इच्छेला कोण विचारतो?" ते थांबले. पोराचं तोंड बघून त्यांना काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. "मन छोटं करू नकोस. शिकशील. टाकीचे घाव सोसल्याशिवाय..." आणि पुढचा शब्द 'देवपण' आहे हे ध्यानात येऊन ते अडखळले. "म्हणजे, कष्टाशिवाय काही नाही. आणि पाय मात्र सुरेख आलेत हं. पायाची नखं बघ कशी."

धर्मपालनं मान हलवली. सहा वर्षं लोक त्याला हेच सांगत आले होते.

गुरुजींनी जेवण नको म्हटलं. कपभर चहा घेतला, बळीरामशी विहाराच्या छपराबद्दल दोन शब्द बोलले आणि चारच्या मोटरसाठी वेळेआधीच निघाले. बळीराम त्यांना पोचवायला गेला नाही. पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवल्याशिवाय तो कधी राहत नसे. आज तो ओट्यावर नुसता बसून राहिला.

धर्मपाल छपरीत आला. कुदळीचा दांडा काढून घेतला आणि मूर्तीच्या उजव्या खांद्यावर पहिला घाव घातला. ढेपूळ सुटून पाटावर पडलं, आतून रहमतनं वाकवलेली सळई आणि तिला बांधलेली तार दिसली. दुसरा घाव त्यानं पाठीवर घातला. चेहऱ्याला हात लावायचं त्याच्या मनात येत नव्हतं.

"थांब जरासा," बा म्हणाला.

तो आत आला होता. दिवसभरात पहिल्यांदाच. त्यानं मुंडासं काढलं होतं. उघड्या डोक्यानं तो एकदम म्हातारा दिसत होता.

"आत्याले काही बोलू नको बा," धर्मपाल म्हणाला. "झालं ते झालं. मी त्याईले कोणाचं नाव सांगतलं नाई."

"तिनं नाई केलं."

धर्मपालच्या हातातला दांडा तसाच राहिला.

"पहिले दोन दिवस मीच पाणी मारलं," बळीराम म्हणाला. तो मूर्तीकडे बघत नव्हता, पाटावरच्या ढेपळाकडे बघत होता. "पहाटचं तिले उठवत नाई, हात आखडते तिचे. मी म्हणलं, मी करतो. तिसऱ्या दिवशी लय गारठा होता. पोतं काढलं, त चेहरा वला. डोये मिटेल. पाणी गडव्यात होतं, गडवा हातात होता." त्यानं हात पुढं धरला, गडवा अजून हातात असल्यासारखा. "मले वतवलं नाई रे."

धर्मपालनं दांडा भिंतीला टेकवला.

"रुखमीले म्हणलं, गोधडी दे. तिनं इचारलं नाई कोणासाठी. मंग चुलीतले निखारे आणले. इथंच बसलो सकाळ होईपर्यंत. मंग रोज तसंच, आजच्या पहाटेपर्यंत."

"बा, तू?"

"मी."

"देव म्हणून?"

"मले नाई सांगता येत." बळीराम पाटाच्या कडेला टेकला. "देव नाई. माती हाय, हे मले समजत नाई का? ठराव माहाच हाय. पण कोणीतरी उघडं बसलं हाय अन् मी त्याच्या अंगावर थंड पाणी टाकून राह्यलो, असं वाटलं. नाई झालं माह्याच्यानं."

"मंग गुरुजी होते तवा काहून बोलला नाई?"

"जीभ उचलली नाई." तो दाराकडे बघत होता. "सत्यभामेच्या दारात मीच उभा होतो ना. तिचा माणूस आत पडला होता. तिनं हात जोडले मले, मी हाललो नाई. आता कोणत्या तोंडानं सांगू, का मी काय केलं?"

धर्मपालला त्याची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला. दोन्ही खरं होतं. याच माणसानं त्याला कारखान्यातून उठवलं होतं, याच माणसानं त्याच्या हातात पुन्हा माती दिली होती, आणि आज त्याच्या तोंडावर आपण 'मला माती कळत नाही' असं जगाला सांगितलं, तेव्हा हा दारात उभा राहून ऐकत होता.

बळीराम उठला. ओट्यावरून मुंडासं उचलून डोक्याला गुंडाळलं, नेहमीपेक्षा घट्ट.

"मोटर गेली?"

"चारची हाय."

"मंग सांगून येतो."

"काय सांगतो?"

"माती पक्की होती म्हणून." त्यानं पायात वहाणा सरकवल्या. "अन् उद्या बैठक बोलावतो. सगळ्याइसमोर सांगतो. ठराव आपल्याले सोडून करता येत नाई."

तो अंगणातून निघाला. रुखमाबाई चुलीपासून धावत आली, हाताला पीठ तसंच.

"अरे, आडव त्याले बापू! माहं नाव घे म्हणा. मले कोण बोलावते लग्नाले? मी रांडमुंड बाई, माह्यावर टाकलं त काय बिघडते?" तिचा आवाज फुटला. "त्याचं आता वय काय हाय! उद्या काही झालं त खांदा कोण देईन त्याले?"

धर्मपाल अंगणाच्या टोकाशी येऊन उभा राहिला. पऱ्हाटीच्या वावरामधून बाची पायवाट फाट्याकडे जात होती. वेचून झालेल्या रानात त्याचं मुंडासं लांबूनही दिसत होतं. तो झपझप चालला होता, पण म्हातारं माणूस, मधेच कमरेवर हात ठेवून थांबत होता आणि पुन्हा चालत होता. फाट्यावरच्या निंबाखाली गुरुजींची छत्री दिसत होती.

एक हाक पुरली असती. बा कितीही हट्टी असला तरी लेकाची हाक ऐकून थांबला असता. धर्मपालनं तोंड उघडलं. सत्यभामेच्या घरासमोरचे ते चौघे परगावचे लोक त्याच्या डोळ्यांपुढं आले. मग दारव्हा आलं, उमरखेड आलं, आणि पापणीखालून अंगठा काढून घेतला तो क्षण आला.

"बापू!" आत्या मागून म्हणाली.

त्यानं तोंड मिटलं. दूर हमरस्त्याच्या वळणावर धुळीचा लोट उठला होता. मोटर होती की ट्रक, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. बळीराम अजून अर्ध्या वाटेवर होता. मोटर आज जरा उशिरा यावी, असं धर्मपालला मनापासून वाटलं.